न वाचता सोडलेली दरखास्त

खालून आवाज चढला की साडेदहा वाजले, हे मला घड्याळ न बघता कळायचं. मुन्शीजींचं दुकान खाली, माझी भाड्याची खोली वर, मध्ये फक्त एक स्लॅब. दुकान म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र. परभणीत बस स्टँडच्या बाजूला अशी दुकानं पावलापावलाला आहेत, पण समोरच्या कॉम्प्युटरशी रोज भांडणारा मालक तेवढा एकच होता.

शिवी अशी ते कधी द्यायचे नाहीत. सारी हयात कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात गेली, त्यामुळे त्यांचा रागसुद्धा अर्जाच्या भाषेत यायचा. "सदर वेबसाइट बनविणारा इसम हा जाणूनबुजून गोरगरिबांस छळीत असून, त्यास विनाविलंब ह्या खुर्चीत आणून बसविण्यात यावे, ही विनंती!" हे एका दमात, ओरडून, शिवाय टेबलावर एक थाप. समोरचं गिऱ्हाईक घाबरून उठायला लागलं की आवाज लगेच खाली यायचा. "तू बस गं माय. तुला न्हाई म्हणालो."

सदर इसम त्या वेळी वर चहा पीत बसलेला असायचा. म्हणजे मी.

माझी कंपनी पुण्यात होती. कार्यालयांना वेबसाइट बनवून देणं हा तिचा धंदा. मी घरून काम करायचे, आणि पोखर्णीच्या आमच्या घरात इंटरनेट धड चालत नाही म्हणून परभणीत ही खोली घेतली होती. मुन्शीजींच्या रागाचा मोठा वाटा ज्या वेबसाइटला मिळायचा, ती वसतिगृहाच्या प्रवेशाची वेबसाइट आमची होती. तिचे फॉर्म मी बनवले होते. कुठली चौकट कुठे, बटण कुठल्या रंगाचं, चुकलं तर लाल अक्षरांत काय म्हणायचं, सगळं माझ्या हातचं. मी स्वतः वसतिगृहात राहून शिकलेली मुलगी, म्हणून हे काम मी हौसेनं मागून घेतलं होतं. मुन्शीजींना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. भाडेकरूनं घरमालकाला सगळंच सांगावं असं कुठे आहे, अशी मी माझी समजूत घालायचे. खरं म्हणजे भीती वाटायची.

मुन्शीजी हे त्यांचं नाव नव्हे. त्यांचे वडील निजामाच्या वेळेला उर्दूत अर्ज लिहायचे, तेव्हापासून घराला हा शब्द चिकटलेला. उंच, काटकुळा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा जुना निळा डाग. आता लिहिण्याचं काम राहिलं नव्हतं, तरी शाईचं पेन रोज भरून खिशाला लावलेलंच. फॉर्म कसलाही असो, ऑनलाइन असो की कागदावरचा, त्यांच्या लेखी ती दरखास्तच.

दुकानात बसायच्या जागा दोन. एक गादीची फिरती खुर्ची आणि एक लाकडी स्टूल. बाकीच्या दुकानांत मालक खुर्चीत बसतो आणि गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं राहतं. इथे आलेला माणूस खुर्चीत, पडदा त्याच्या तोंडासमोर, आणि मुन्शीजी कीबोर्ड मांडीवर घेऊन स्टुलावर. एखादी म्हातारी त्या फिरत्या खुर्चीला बिचकायची, "मी खालीच बसते की" म्हणायची. मुन्शीजी तिच्या अंगावर जायचे. "दरखास्त कुणाची? तुझी. मग तूच बस खुर्चीत. मी नुसता लिहिणारा हाय."

सगळं भरून झालं की चष्मा कपाळावरून नाकावर यायचा आणि मुन्शीजी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागायचे. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, आधारचा एकेक आकडा. कागदाच्या दिवसांत प्रत्येक अर्जाच्या तळाशी ते एक ओळ लिहीत: वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व कबूल आहे. शेडखालचे बाकीचे अर्ज लिहिणारेही ती ओळ लिहायचे, पण वाचून दाखवायचे नाहीत. मुन्शीजी वाचायचे, कारण न वाचता ती ओळ लिहिली तर आपण खोटं लिहिलं असं त्यांना वाटायचं. कॉम्प्युटर आला तशी ती ओळ फॉर्मवरून गेली, त्यांच्या तोंडून गेली नाही. वाचून झालं की ते मान वर करून विचारायचे, "समजला? कबूल?" समोरचा "कबूल" म्हणाला की मगच माउस त्याच्या हातात. शेवटचं बटण त्यानंच दाबायचं. शेजारच्या दुकानात तासाला दहा फॉर्म जायचे, इथे तीन. रांगेतली माणसं वैतागून निघून जायची. "जाऊ द्या," मुन्शीजी म्हणायचे. "ज्याला घाई हाय त्यानं तिकडं जाऊन चुकावं."

एकदा पाथरीकडचे एक आजोबा नातवाचा फॉर्म भरायला आले होते. त्यांचं नाव टाइप करताना मुन्शीजींच्या बोटानं शेवटी एक मोकळी जागा सुटली. लगेच खाली लाल अक्षरं उमटली: आपले नाव अवैध आहे. आजोबांना एकेक अक्षर लावून वाचता येत होतं. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि खुर्चीतून उठले. "सत्तर वर्सं झाली ह्या नावानं गावात वावरायलोय. कुणी अवैध म्हणलं न्हाई," एवढं बोलून ते सरळ रस्त्याला लागले. मुन्शीजी अनवाणी त्यांच्या मागे पळाले. त्यांना समजावून परत आणलं, फॉर्म भरला, आणि ते गेल्यावर स्लॅब हलेल असे ओरडले. "मोकळी जागा सुटली तर मोकळी जागा सुटली म्हण! माणसाच्या नावाला अवैध म्हणायला तू कोण रे?"

मी वर कानात इअरफोन घातले. त्या वाक्यावर मी एक मिनिटही घालवलं नव्हतं. इंग्रजी शब्द भाषांतराच्या यंत्रात टाकला, जो बाहेर पडला तो चिकटवला आणि जेवायला गेले.

दुसरी गोष्ट टिकलीची. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना बटण सापडावं म्हणून मुन्शीजींनी बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, पाकिटातली एक लाल टिकली मॉनिटरच्या काचेवर लावली होती. पान तळाला नेलं की 'सादर करा' हे बटण बरोबर टिकलीखाली यायचं. "बाण टिकलीखाली ने आणि दाब," एवढं सांगितलं की काम व्हायचं. एका सोमवारी आमच्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर बटणं उलट्या क्रमानं पाहिली आणि दुपारपर्यंत मी आमचीही उलटी केली. 'सादर करा' डावीकडे गेलं. टिकलीखाली आलं 'पुसा'.

त्या दुपारी खाली काय झालं ते मला स्लॅबमधून ऐकू आलं. एका बाईचा पूर्ण भरलेला फॉर्म एका बोटासरशी कोरा. बाई रडकुंडीला, "माझ्याच हातनं झालं" म्हणायला लागली. मुन्शीजी तिला सांगत होते, "तुझ्या हातनं न्हाई माय. ज्यानं हे बटण इथं ठेवलं त्याच्या हातनं झालं." मग छताकडे तोंड करून, "पुसायचं बटण पाहिजेच कशाला? तीस वर्षं दरखास्ती लिहायलोय, एक माणूस मला म्हणाला न्हाई की मुन्शीजी, झाली का लिहून, आता फाडा!"

मला वर हसू आलं, आणि मग हसण्याची लाज वाटली. मी साहेबांना 'पुसा' काढून टाकू म्हणाले. साहेब म्हणाले, "लोकांना सवय होते. सवय होईपर्यंत बोंब मारतात." आमच्याकडे एक यादी असायची, तिचं नाव 'नंतर'. जे दुरुस्त करायला हवं पण आज नको, ते तिच्यात जायचं. 'पुसा' तिच्यात गेलं. 'अवैध' गेलं. आमच्या तपासणाऱ्या मुलीनं माउसच्या चाकाबद्दल एक तक्रार लिहिली होती, तीही मी तिच्यातच ढकलली होती. 'नंतर' या यादीतून बाहेर आलेलं मी काही पाहिलं नाही.

मी काय काम करते हे मुन्शीजींना एकदा कळलंच. काकूंनी दिलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन ते वर आले आणि माझ्या पडद्यावर अर्धवट फॉर्म पाहिला.

"म्हणजे तू त्यातलीच व्हय?"

"हो. पण ती वसतिगृहाची वेबसाइट आमची नाही," मी म्हणाले. विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. त्यांना माझ्यावर विश्वास ठेवायची सवय होती. उलट त्या दिवसापासून ते खूश झाले, की आपलं ऐकून घेणारा त्या बाजूचा एक माणूस सापडला. मला 'इंजिनेर' म्हणायला लागले. रिकामा वेळ मिळाला की खाली बोलवायचे, खुर्चीत बसवायचे आणि शिकवायचे. एका पानावर एकच काम सांगत जा. चुकलं तर काय चुकलं आणि आता काय करायचं, दोन्ही सांगत जा. माणसानं एकदा सांगितलेलं त्याला दुसऱ्यांदा विचारू नको. त्यानं भरलेलं हरवू नको, ती त्याची अमानत असते. "आणि एखादा अडला तर त्याला येडं समजू नको, इंजिनेर. तू कुठं चुकलीस ते बघ. तुझ्या कंपनीत तरी असं होऊ देऊ नको बघ."

मी मान डोलवायचे. पुढे याच गोष्टी शिकायला मला कंपनीनं दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. थंड हॉलमध्ये एक गोड बोलणारा माणूस चित्रं दाखवून तेच सांगत होता, आणि आम्ही सगळे लिहून घेत होतो. मुन्शीजींचं मात्र मी कधी लिहून घेतलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. येलदरीहून एक मुलगी आणि तिचे वडील सकाळच्या एस.टी.नं आले होते. वडील धरणात मासे धरायचे. मुलीला परभणीच्या कॉलेजात विज्ञानाला प्रवेश मिळाला होता. येलदरीहून रोजची ये-जा होण्यासारखी नव्हती. वडिलांनी खुर्चीच्या पाठीला धरून सांगितलं, "मुन्शीजी, कालिज तर लागलंय. ऱ्हायाला जागा मिळाली तर शिकंल, न्हाई तर घरी." मुलगी कागदांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती.

आमची वेबसाइट त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत उघडलीच नाही. उघडली तेव्हा मुन्शीजींनी फॉर्म भरला, चष्मा खाली घेतला आणि वाचायला सुरुवात केली. आईच्या नावापर्यंत आले आणि पान गेलं. जागी एक ओळ: आपले सत्र समाप्त झाले आहे. त्या वेबसाइटवर दहा मिनिटं पानावरचं कुठलं बटण दाबलं नाही, नुसतं टाइप केलं किंवा वाचलं, तर ती माणसाला बाहेर काढायची आणि भरलेलं सगळं टाकून द्यायची. ती दहा मिनिटं मी घातली होती. तीस घातली असती तरी मला कुणी विचारलं नसतं. भरलेलं जपून ठेवायची सोय करायला दोन दिवस लागले असते. ते दोन दिवस मी मागितले नाहीत.

दुसऱ्यांदा मुन्शीजी भराभरा वाचत होते. तरी बाहेर काढलं. खालचा आवाज आता नेहमीचा राहिला नव्हता, तो चिरकला होता. मी खाली गेले तेव्हा पाचाला वीस कमी होते.

"मुन्शीजी, आज वाचू नका," मी म्हणाले. "भरा आणि सोडा."

"न वाचता?"

"वाचत बसलात तर पुन्हा बाहेर काढेल. वेळ नाही आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. मुलगी म्हणाली, "सोडा काका. मी समदं बरोबरच सांगितलंय."

त्यांनी तिसऱ्यांदा भरलं. पत्त्यातला तालुका ही त्या पानावरची शेवटची निवड. ती केली, माउसचं चाक फिरवून पान तळाला नेलं. टिकली आता डावीकडे हलवलेली होती. मुलीनं बाण टिकलीखाली नेला आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली, नंबर आला. पावतीवर फक्त तो नंबर. भरलेला मजकूर छापून द्यावा असं मला कधी सुचलंच नव्हतं.

बापलेक हात जोडून गेले. मुन्शीजींनी चहा घेतला नाही. काकूंना म्हणाले, "आज पैल्यांदा न वाचता सोडली."

दोन आठवड्यांनी यादी लागली. मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं: अपात्र, स्थानिक रहिवासी. ज्या तालुक्यात वसतिगृह, त्या तालुक्यातल्या मुलींना तिथे जागा मिळत नाही, त्यांनी घरून यावं असा नियम होता. बापलेक पुन्हा आले. मुन्शीजींनी अर्ज उघडला आणि आता, सगळं झाल्यावर, मोठ्यानं वाचायला घेतला. नाव. वडिलांचं नाव. गाव येलदरी. मग थांबले.

"तालुका परभणी."

"मी जिंतूर म्हणलं होतं काका," मुलगी हळूच म्हणाली.

"म्हणली होतीस. मी जिंतूरच धरलं होतं." त्यांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. "मग माझीच नजर गेली म्हणायची. वाचली असती तर सापडलं असतं. मी वाचली न्हाई."

मी दारात उभी होते. मला त्या क्षणी कळलं काय झालं असणार. पुढे झाले, कोरा फॉर्म उघडला, तालुक्यांची यादी काढली. यादी अक्षरांच्या क्रमानं होती. गंगाखेड, जिंतूर, परभणी. जिंतूर निवडलं आणि पान खाली न्यायला चाक फिरवलं. एक खट्ट. पान हललं नाही, निवड हलली. जिंतूरच्या जागी परभणी. दुसऱ्या खट्टला पान सरकलं आणि चौकट नजरेआड गेली. तपासणाऱ्या मुलीनं लिहून दिलं होतं ते हेच. मी 'नंतर'मध्ये टाकलं होतं ते हेच.

"पुन्हा कर," मुन्शीजी म्हणाले. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः करून पाहिलं.

"तुला कसं म्हाईत हे?"

मी सांगितलं. वेबसाइट आमची आहे, फॉर्म माझा आहे, चाकाचं हे मला आधीपासून माहीत होतं. सांगून झाल्यावर मी ओरडण्याची वाट बघत उभी राहिले. तो इसम अखेर खुर्चीपाशी आला होता. पण मुन्शीजी ओरडले नाहीत. बापलेकांना घेऊन वसतिगृहाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं सांगितलं, बिघाड वेबसाइटचा होता असं बनवणाऱ्यांकडून चार दिवसांत लेखी आणा, अर्ज वर पाठवतो, मुलीचं नाव येऊ शकतं.

परत आल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. खुर्चीकडे बोट केलं. "बस."

स्वतः स्टुलावर बसले, मांडीवर पुठ्ठा घेतला, खिशातलं पेन काढलं. माझ्याकडून एकेक गोष्ट विचारून घेत त्यांनी एक पानभर मजकूर लिहिला. मी अमुक, राहणार अमुक, सदर फॉर्म मी तयार केला असून त्यातील दोष मला अगोदरपासून माहीत होता. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. माझ्याविरुद्ध इतकं स्वच्छ कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. मग चष्मा खाली घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"समजला? कबूल?"

मी म्हणाले, "कंपनीला विचारून सांगते."

"कबूल हाय का न्हाई, हे कंपनीला विचारतीस?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "वापरणाऱ्याची चूक आहे. असलं काही लेखी द्यायचं नाही. दिलंस तर कंपनी तुझ्यामागे नाही." मी आईला पैसे पाठवायचे, भावाचं शिक्षण माझ्यावर होतं, ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली आणि ती खरी होती. पण ती दिली नसती तरी मी सही केली नसती. मला भीती वाटत होती आणि मी भित्री निघाले, एवढंच.

सही करण्याऐवजी मी चाकाचा दोष दुरुस्त केला. पाऊण तास लागला. धावत खाली जाऊन मुन्शीजींना सांगितलं, तेही अशा आवाजात की त्यांनी शाबासकी द्यावी.

"त्या पोरीचं झालं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"तिचं नाही. पण पुढच्यांचं—"

"मग मला काय सांगायलीस?"

चार दिवस गेले. मुन्शीजींनी स्वतःच्या नावानं अर्ज दिला, की चूक माझी, मी वाचून दाखवलं नाही, मुलीस शिक्षा होऊ नये. बाबूनं तो फायलीत लावला आणि संपलं. ज्या माणसाची काहीच चूक नव्हती त्यानं ती लिहून दिली, आणि जिची होती ती वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये बसली होती. आजही हे लिहिताना मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते. साहेबांचा राग येतो, बाबूचा येतो, पण तो येतो आणि जातो. हा जात नाही.

पुढच्या वर्षी मुन्शीजींनी तिला निरोप पाठवून बोलावलं. फॉर्ममध्ये एक चौकट होती: शिक्षणात खंड आहे काय? 'होय' म्हटलं की पुढचं पान उघडत नसे. एक वर्ष घरी बसलेल्या मुलीला वसतिगृह नाही. ती चौकटही मीच काढलेली. मुन्शीजी तिथवर वाचत आले आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मुलगी जिंतूरला एका कापडाच्या दुकानात घड्या घालायला लागली, असं नंतर काकूंकडून कळलं.

मुन्शीजींनी मला खोली सोड असं कधी म्हटलं नाही. भाकरीसुद्धा वर यायची, फक्त ती काकू आणायच्या. पण खालून ओरडणं बंद झालं. साडेदहा वाजायचे, माणसं यायची, मुन्शीजी हळू आवाजात मजकूर वाचून दाखवायचे, आणि वेबसाइट बनवणाऱ्या इसमाबद्दल एक शब्द निघायचा नाही. मला वाटायचं त्यांनी एकदा तरी टेबलावर थाप मारावी. सहा महिने ते सहन केलं आणि खोली सोडली. निघताना त्यांनी एक पाकीट हातात दिलं. आत तो मजकूर होता, सहीची जागा कोरी ठेवून. "तुझा हाय. तुझ्याजवळ ठेव."

त्याला बरीच वर्षं झाली. मी ती कंपनी सोडली, दुसऱ्या दोन धरल्या. पाकीट प्रत्येक घरी बरोबर आलं.

मध्यंतरी कळलं, मुन्शीजींनी दुकान बंद केलं, डोळे अधू झाले, आता सेलूला लेकीकडे असतात. मी गेले. ते ओट्यावर बसले होते, खिशावर तोच निळा डाग, पेन मात्र नव्हतं. मी हाक मारताच त्यांनी आवाजावरून ओळखलं. "इंजिनेर?"

मी पाकीट काढलं आणि सांगितलं की सही करायला आलेय.

"मला आता दिसत न्हाई. तू वाच."

मी त्यांच्या अक्षरातला माझा मजकूर त्यांना वाचून दाखवला. एका ठिकाणी मी भराभर पुढे जायला लागले तर ते म्हणाले, "हळू. इथं कुणी बाहेर काढत न्हाई." मी हळू वाचला. सदर दोष मला अगोदरपासून माहीत होता, हेही हळू वाचलं.

"समजला?"

"समजला."

"कबूल?"

"कबूल."

मी सही केली. खाली तारीख टाकली.

"कुठली टाकलीस?" त्यांनी विचारलं.

मजकूर त्यांनी लिहिला होता त्याच दिवसाची मी टाकली होती. तसं सांगितलं.

"खोड ती," मुन्शीजी म्हणाले. आवाज चढला होता, कितीतरी वर्षांनी. "त्या दिवशी तू सही केली न्हाईस. आजची टाक."

मी खोडली आणि आजची टाकली. ती त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली.